चार माणसं, एक बंब: छोटी फायर टीम बांधण्यापासून ते वर्दीवरून (आगीच्या कॉलवरून) परत येऊन पुन्हा सज्ज होईपर्यंत

नवीन स्टेशन सुरू करणारे, कारखान्यातली फायर टीम सांभाळणारे, स्वयंसेवकांचा गट बांधणारे, सगळे पहिल्यांदा एकच विचारतात, बंब कुठला घ्यावा. मी त्यांना उलट विचारतो, त्यात बसणार कोण आणि रात्री ३ वाजता किती जण बसलेले असतील? बंब म्हणजे शेवटी पाणी आणि पंप वाहून नेणारी गाडी. आगीच्या ठिकाणी तीन गोष्टी कमी पडतात, माणसं, हवा आणि पाणी, आणि तिन्ही आधी मोजून ठेवता येतात. बरीच वर्षं शिफ्ट सांभाळल्यावर माझं ठाम मत झालंय की जी टीम हे तीन आकडे रोज मोजते ती मोठ्या आगीतही गोंधळत नाही. म्हणून खाली जे लिहितोय ते त्याच क्रमाने लिहितोय, घाई नसेल तर एकेक पायरी आपल्या टीमला लावून बघत वाचा.

१. आधी माणसं मोजा

अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेच्या १७१० क्रमांकाच्या मानकात एका बंबावर कमीत कमी ४ माणसं सांगितलीत. एक ऑफिसर, एक ड्रायव्हर जो पंपही चालवतो, आणि दोन फायरमन. हा आकडा उगाच ठरवलेला नाही. २०१० मध्ये एनआयएसटी या अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने प्रत्यक्ष घर बांधून, आग लागल्यावर करावी लागणारी २२ कामं टीमकडून करून घेतली आणि घड्याळ लावलं, तेव्हा गाडीमागे ४ माणसं असताना सगळी कामं ३ माणसांपेक्षा साधारण ५ मिनिटं आणि २ माणसांपेक्षा साधारण ७ मिनिटं आधी उरकली. आगीतली ५ मिनिटं म्हणजे काय हे पुढे येईलच.

आता ३ माणसांत काय होतं ते डोळ्यासमोर आणा. ड्रायव्हर पंपाला बांधलेला, तो हलू शकत नाही. उरले दोघं. दोघंही होज म्हणजे पाण्याचा पाइप घेऊन आत गेले तर बाहेरून इमारतीकडे बघणारं कोणी नाही, धुराचा रंग बदलला, छत वाकलं, मागच्या खिडकीतून कोणी हात हलवतंय, हे कोणाला दिसणार? आणि आत एखादा पडला तर त्याला ओढून काढायला कोण जाणार? यासाठीच 'दोन आत, दोन बाहेर' हा नियम आहे. विषारी धुरात जाताना दोघं एकमेकांच्या नजरेत किंवा आवाजाच्या टप्प्यात राहून आत जातात आणि बाहेर दोघं पूर्ण तयार उभे असतात, आतल्यांना काढायला. आत जिवंत माणूस अडकलाय हे नक्की कळलं तर चौघं जमायची वाट न बघता सुटका सुरू करायची मुभा त्या नियमातच आहे, पण ती मुभा रोजची सवय झाली की धोका सुरू झाला.

चार खुर्च्या भरायच्या म्हणजे चार माणसं नेमायची असं बऱ्याच जणांना वाटतं, इथेच पहिली चूक होते. वर्षात ८७६० तास असतात. एक माणूस आठवड्याला ४८ तास धरला तर वर्षाचे होतात २४९६, त्यातून रजा, आजारपण, ट्रेनिंग हे वजा केलं की हातात राहतात साधारण २०५०. ८७६० ला २०५० ने भागा, सव्वाचार आलं. म्हणजे एक खुर्ची २४ तास भरलेली ठेवायला सव्वाचार माणसं लागतात आणि चार खुर्च्यांच्या एका बंबाला १७. हा हिशोब मंजुरी देणाऱ्यांसमोर कागदावर मांडा, अगदी असाच, भागाकारासकट. नुसतं 'माणसं कमी आहेत' म्हणून काही होत नाही, '१७ हवीत, ११ आहेत, म्हणून आठवड्यात इतक्या रात्री बंब तिघांवर निघतो' असं म्हटलं की समोरच्याला नाही म्हणायला कारण शोधावं लागतं.

माणसं मिळाली की प्रत्येक खुर्चीला काम लावून टाका. ड्युटी बदलताना फळ्यावर नाव लिहायचं ते खुर्चीसमोर. पहिल्या खुर्चीचा फायरमन ब्रँच म्हणजे होजच्या टोकाची पाणी मारायची नळी घेणार, दुसऱ्याचा होज ओढणार आणि पहार-कुऱ्हाड त्याच्याकडे, बाहेरचे दोघं म्हणून कोण उभे राहणार हेही तेव्हाच ठरलेलं. गाडीतून उतरताना 'मी काय घेऊ' हा प्रश्न कोणाच्या तोंडून आला तर त्या शिफ्टची सकाळ नीट झालेली नाही असं समजा.

२. वेळ कुठे जातो ते बघा

वर्दी आली आणि पाणी आगीवर पडलं, यामधला वेळ तुकड्यातुकड्यात मोजायचा. वर्दी घेणं, टर्नआउट म्हणजे किट चढवून गाडी बाहेर पडणं, रस्ता, आणि पोचल्यावर होज टाकून पाणी सुरू करणं. एनएफपीए १७१० मध्ये आगीसाठी टर्नआउट ८० सेकंद आणि पहिल्या बंबाचा रस्ता २४० सेकंद धरलाय, आणि हे सरासरीने नाही, १० पैकी ९ वेळा जमायला हवं. सरासरीत वाईट रात्री लपून जातात, म्हणून सरासरी काढूच नका.

रस्ता आपल्या हातात फारसा नसतो, टर्नआउट पूर्ण आपल्या हातात असतो. बूट पॅन्टच्या आत उभे करून ठेवलेत का, गाडीच्या दाराकडे जायच्या वाटेत कोणाची मोटरसायकल तर नाही, बंबाचा चार्जर आपोआप सुटतो का हाताने काढावा लागतो. असल्या बारक्या गोष्टींत १५-२० सेकंद सहज सापडतात.

आणि ५ मिनिटांचं महत्त्व का, तर आजच्या घरातलं सामान. फोमचे सोफे, प्लास्टिक, सिंथेटिक कापड. यूएल या अमेरिकेतल्या सुरक्षा-चाचणी संस्थेच्या चाचण्यांमध्ये आजच्या सामानाची खोली ४ मिनिटांच्या आत पूर्ण पेटली, म्हणजे फ्लॅशओव्हर झाला, आणि जुन्या लाकूड-कापसाच्या सामानाच्या खोलीला जवळजवळ अर्धा तास लागला. फ्लॅशओव्हरनंतर त्या खोलीत किट घातलेला फायरमनसुद्धा काही सेकंदच टिकतो, साध्या कपड्यातल्या माणसाचं तर विचारूच नका.

३. अंगावरची किट आणि बीए सेट

किटचे तीन थर असतात, बाहेरचं आगीला दाद न देणारं कापड, मधला पाणी आणि वाफ अडवणारा पडदा, आणि आतलं उष्णता रोखणारं अस्तर. तिघं मिळूनच काम करतात, म्हणून उकाडा होतो म्हणून अस्तर काढून ठेवणाऱ्याला त्याच दिवशी थांबवा. साइझ घट्ट असेल तर थरांमधली हवा दाबली जाते आणि भाजतं, खांदे आणि गुडघे बघा, पहिल्यांदा तिथेच भाजतं. दोन्ही हात वर करून मनगट उघडं पडतंय का हेही बघून घ्या.

बीए सेट, म्हणजे धुरात श्वासाला हवा देणारा पाठीवरचा सिलिंडर आणि मास्क, मात्र रोज, प्रत्येक शिफ्टला, ज्याच्या पाठीवर जाणार त्यानेच तपासायचा. दुसऱ्याने तपासलाय म्हणून सही करायची नाही. मी कसं करतो सांगतो. आधी सिलिंडर गेज बघायचा, ३०० बारचा सिलिंडर २७० च्या खाली असेल तर सरळ बदलायचा. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, प्रेशर चढलं की बंद करायचा आणि छातीवरच्या गेजवर एक मिनिट नजर ठेवायची, काटा १० बारपेक्षा जास्त खाली आला तर कुठेतरी लीक आहे, सेट बाजूला. काटा टिकला तर मास्कच्या व्हॉल्व्हवर हात ठेवून हवा हळूहळू सोडायची आणि हवा संपत आल्याची शिट्टी कधी वाजते ते ऐकायचं, बऱ्याच सेटवर ती ५५ बारच्या आसपास वाजते. शेवटी मास्क लावून, हवेची वाट तळहाताने बंद करून श्वास ओढायचा, मास्क तोंडाला चिकटून बसला पाहिजे. दाढी असेल तर बसत नाही. हे सांगताना मुलं नाराज होतात, मला ठाऊक आहे, पण मास्कच्या कडेखाली केस असले की फट राहते आणि श्वास जोरात ओढला की त्या फटीतून धूर आत येऊ शकतो, तिथे मी कोणालाच सूट दिली नाही.

पासचा अलार्मही तपासा, म्हणजे माणूस साधारण ३० सेकंद हलला नाही की किंचाळणारं यंत्र. सेट घालून स्तब्ध उभे राहा आणि वाजू द्या. त्या आवाजाची कानाला ओळख असली पाहिजे, कारण आगीत तो ऐकू आला की बाकी सगळं सोडून तिकडे जायचं असतं.

४. हवेचा हिशोब

६.८ लिटरचा सिलिंडर, ३०० बार, गुणाकार केला की २०४० लिटर हवा. त्यातले शेवटचे ५५ बार हे आपले नाहीतच, ते अडचणीसाठी. उरले २४५ बार, म्हणजे साधारण १६६६ लिटर. आता माणूस मिनिटाला ४० लिटर ओढत असेल तर ४१ मिनिटं, ६० ओढत असेल तर २८, आणि जिना चढून होज ओढताना १०० पर्यंत गेला तर १७ सुद्धा नाहीत. सिलिंडरवर '४५ मिनिटं' छापलेलं असतं त्यावर कोणीही विसंबू नये.

एकदा धुराच्या खोलीतल्या सरावात मी दोन मुलांना बरोबर आत पाठवलं, दोघांचे सिलिंडर काट्याला काटा लावून ३०० भरलेले. दोघं तीच होज, तोच जिना, तीच खोली. एकाची शिट्टी १६ व्या मिनिटाला वाजली, दुसऱ्याची २७ व्या. पहिला अंगाने धट्टाकट्टा, धावण्यात पुढे, पण आत गेला की घाबरून भराभर श्वास घ्यायचा. त्याला ओरडून काही उपयोग नव्हता, त्याला महिनाभर आठवड्यातून दोनदा नुसता सेट घालून चालायला, रांगायला, गाठी सोडायला लावलं आणि तो २३ मिनिटांवर आला. तेव्हापासून मी प्रत्येकाचा आकडा फळ्यावर लिहून ठेवतो, लाज वाटायचं त्यात काही नाही, तो आकडा माहीत असला तर जोड्या नीट लावता येतात.

परत कधी फिरायचं ते शिट्टीवर ठरवायचं नसतं. शिट्टी वाजते तेव्हा तुम्ही दारात असायला हवं. सोपा नियम असा, आत जातानाचं प्रेशर आणि शिट्टीचं प्रेशर यांची बेरीज करा आणि अर्धी करा. ३०० ने गेलात आणि शिट्टी ६० धरली तर ३६० चे अर्धे १८०. टीममधल्या ज्याचा काटा सर्वात खाली आहे त्याचा १८० झाला की सगळी जोडी वळणार. वाट अवघड असेल, पायऱ्या चढून यायच्या असतील, म्हणजे खाली गेला असाल, तर १८० च्याही आधी वळा, येताना हवा जास्त लागते.

५. पाणी, होज आणि पंप

समजा टाकीत ४५०० लिटर पाणी आहे. २० मिलिमीटर नोझलच्या ब्रँचवर ४ बार प्रेशर दिलं तर मिनिटाला साधारण ५३० लिटर पाणी जातं (सूत्र सोपंय, नोझलचा व्यास मिलिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले प्रेशरचं वर्गमूळ, त्याचे दोन तृतीयांश). म्हणजे टाकी साडेआठ मिनिटांत रिकामी. दोन ब्रँच लावले तर सव्वाचार. म्हणून पहिला बंब पोचल्या पोचल्या दुसरं पाणी कुठून येणार हे कोणीतरी बघायलाच हवं, हायड्रंट, विहीर, तलाव, दुसरा टँकर, काहीही, पण टाकी अर्धी व्हायच्या आत ते जोडलेलं असलं पाहिजे.

प्रेशर वाढवलं की नुसता फायदाच होतो हा गैरसमज मी अनुभवी ऑपरेटरांमध्येही पाहिलाय. त्याच २० मिलिमीटर नोझलवर ४ चे ७ बार केले तर पाणी ५३० वरून ७०० लिटरच्या आसपास जातं, पण ब्रँचचा मागे येणारा धक्का २५ किलोवरून जवळजवळ ४५ किलो होतो. २५ किलोचा धक्का दोघं गुडघ्यावर बसून आरामात सांभाळतात, ४५ किलोला दोघांचीही दमछाक होते आणि ब्रँच हातातून सुटला तर लोखंडाचा तो तुकडा हवेत फटके मारत फिरतो, माणसाचं डोकं फुटेल इतक्या जोराने.

पंपावर किती प्रेशर द्यायचं ते असं काढा. समजा ६३ मिलिमीटर होजच्या ३० मीटरच्या ४ लांब्या, ब्रँच १५ मीटर उंचीवर. ब्रँचला हवेत ४ बार. उंचीचा दर १० मीटरला १ बार जातो, म्हणून दीड. होजमध्ये घर्षणाने एका लांबीत या प्रवाहाला साधारण ०.४ बार जातात, चार लांब्यांचे १.६. बेरीज ७ च्या थोडी वर. पाणी दुप्पट केलं की घर्षण चौपट होतं आणि तेच पाणी ७० ऐवजी ४५ मिलिमीटर होजमधून काढलं तर जवळजवळ नऊपट, म्हणून लांब अंतराला जाड होज, शेवटच्या टोकाला बारीक. हा हिशोब पंपाच्या पॅनेलशेजारी तक्ता करून चिकटवा, आगीच्या धावपळीत कोणी वर्गमूळ काढत बसत नाही.

उघड्या पाण्यातून ओढायचं असेल तर गणितात १० मीटरच्या थोडं वरपर्यंत पाणी चढतं, प्रत्यक्षात ७ मीटरच्या पुढे भरवसा धरू नका. स्ट्रेनर म्हणजे ओढायच्या पाइपच्या टोकाची जाळी पाण्याखाली दोन फूट तरी हवी आणि तळापासूनही वर, नाहीतर चिखल किंवा हवा ओढतो. पंप प्राइम होत नसेल, म्हणजे आतली हवा जाऊन पाणी धरत नसेल, तर पंपाला दोष द्यायच्या आधी कपलिंग म्हणजे पाइपचे जोड बघा. आमच्या एका सरावात सक्शन काही केल्या धरेना, ऑपरेटर प्राइमर खेचून खेचून घामाघूम, चार जण पंपाभोवती गोळा झाले, शेवटी दुसरं कपलिंग सोडलं तर आतल्या रबरी वॉशरवर हरभऱ्याएवढा खडा दबून बसला होता, वॉशरला त्याचा नखाएवढा खळगा पडलेला. खडा काढला, वॉशर उलटा बसवला, २० सेकंदांत पाणी आलं. तेव्हापासून सक्शनची प्रत्येक कपलिंग जोडताना आतून बोट फिरवायचं हा आमच्याकडे नियम आहे. महिन्यातून एकदा कोरडी व्हॅक्यूम टेस्टही घ्या, पाऱ्याच्या २२ इंचांवर नेऊन बंद करा, ५ मिनिटांत काटा १० इंचांहून जास्त पडला तर लीक शोधायला लागा.

होज वापरल्यावर सुकवून, घड्या बदलून ठेवायची, एकाच घडीवर वर्षभर पडली की तिथेच फुटते. वर्षातून एकदा प्रेशर टेस्ट. शिडीचं एवढंच सांगतो, चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर आणि पाय धरायला माणूस.

६. वर्दी आणि रस्ता

फोन घेणाऱ्याने पत्ता आधी घ्यायचा, लाइन तुटली तरी निघता येतं. मग काय जळतंय, आत कोणी आहे का, फोन करणारा स्वतः कुठे आहे. आत असेल तर बाहेर पड आणि निघताना मागे दार ओढून घे हे त्याला सांगा, बंद दार धूर आणि उष्णता बराच वेळ अडवतं आणि हे सांगायला ५ सेकंद लागतात.

बंब निघाला की सगळ्यांचे सीटबेल्ट लागल्याशिवाय ऑफिसरने 'चल' म्हणायचं नाही. बीए सेटचे पट्टे चढवायचे म्हणून बेल्ट सोडणारे मी पाहिलेत, चालत्या गाडीत ते करू देऊ नका. सायरन लावलाय म्हणजे समोरच्याने ऐकलाच असं नाही, काच बंद, गाणी चालू. लाल सिग्नलला बंब पूर्ण थांबवून, दोन्हीकडे बघून मगच पुढे. अर्धी भरलेली टाकी सगळ्यात वाईट, वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी उलटायला बघते, म्हणून टाकी एकतर भरलेली ठेवा नाहीतर रिकामी.

७. पोचल्यावरची पहिली दोन मिनिटं

सगळ्यात जास्त संयम इथे लागतो. सगळे तुमच्याकडे बघून ओरडत असतात, पाणी मारा, पाणी मारा. ऑफिसरने उतरून इमारतीभोवती पूर्ण फेरी मारायची, जमेल तेवढी तरी. धूर कुठून येतोय, किती जोरात, रंग काय, आग कुठल्या मजल्यावर, मागे दार आहे का, गॅस आणि विजेचं काय, खिडकीत कोणी आहे का. मग रेडिओवर मोठ्याने, थोडक्यात, उदाहरणार्थ: 'तीन मजली घर, दुसऱ्या मजल्यावर मागच्या खोलीत आग, एक जण आत असल्याची माहिती, मुख्य जिन्याने एक लाइन आत नेतोय, कमांड माझ्याकडे, दुसऱ्या बंबाने पाणी जोडावं.' शेवटून दुसरं वाक्य विसरू नका. कमांड कोणाकडे हे बोललं गेलं नाही की तीन जण तीन हुकूम देतात. आणि एका माणसाने पाचाच्या आसपासच लोकांना सांभाळायचं, सात झाले की कोणाला तरी भाग वाटून द्या.

दाराबद्दल वेगळं सांगतो कारण इथे चुका फार होतात. बंद खोलीतली आग बऱ्याचदा हवेअभावी मंदावलेली असते, विझलेली नसते. होजमध्ये पाणी भरलेलं नसताना दार किंवा खिडकी उघडलीत तर तिला हवी ती हवा तुम्हीच दिलीत आणि दोन-एक मिनिटांत ती खोली पेटते. म्हणून आधी लाइन चार्ज करा म्हणजे होज पाण्याने भरा, ब्रँच उघडून पाणी येतंय हे बघा, हातमोजा काढून पंज्याच्या मागच्या बाजूने दाराला वरून खाली जवळ नेऊन उष्णता बघा, वाकून बसा, दार थोडंच उघडा आणि एक माणूस दाराशी ठेवा जो ते ओढून धरेल. वरच्या धुरावर थोडं थोडं पाणी मारत, धूर थंड करत पुढे जा. पाण्याची वाफ होताना ते जवळजवळ १७०० पट पसरतं, म्हणून बंद खोलीत घुसून भसाभस पाणी ओतलं तर वाफ तुमच्याच अंगावर येते आणि किटच्या आत भाजतं.

गॅसच्या सिलिंडरची गळती पेटलेली असेल तर ज्योत विझवायच्या मागे लागू नका, व्हॉल्व्ह बंद करता येत असेल तरच. नाहीतर ज्योत विझते, गॅस येतच राहतो, एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो आणि कुठेतरी ठिणगी मिळते. बाजूच्या टाकीला ज्वाळा लागत असतील तर लांबून, आडोशाने, टाकीच्या वरच्या भागावर पाणी ठेवा, जिथे आत द्रव नाही तिथलं लोखंड आधी मऊ पडतं.

८. आत कोण आहे ते लिहा

दाराशी टॅली बोर्ड, टॅली म्हणजे प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला. नाव, आत गेल्याची वेळ, प्रेशर, कुठे गेला, शिट्टीची अंदाजे वेळ. टॅली दिल्याशिवाय आत नाही, बाहेर आल्यावर टॅली घेतल्याशिवाय सुटका नाही. दर १० मिनिटांनी रेडिओवर हजेरी.

३ डिसेंबर १९९९ ला अमेरिकेत वूस्टर शहरात जुन्या कोल्ड स्टोरेजच्या गोदामाला आग लागली. आत बेघर माणसं असतील म्हणून दोन फायरमन शोधायला गेले, खिडक्या जवळजवळ नसलेल्या त्या इमारतीत धुरात वाट चुकले आणि हवा संपत आल्याचं रेडिओवर सांगू लागले. त्यांना शोधायला गेलेले आणखी चौघं आत राहिले. एकूण सहा जणांचा जीव गेला. ज्यांच्यासाठी सगळे आत गेले ती माणसं आधीच बाहेर पडली होती. तेव्हा कमांडवर असलेल्या अधिकाऱ्याने जिन्याशी उभं राहून बाकीच्यांना अडवलं, आपलीच माणसं आत असताना. मी नव्या ऑफिसरांना हे नेहमी सांगतो कारण ब्रँच धरायला शिकवता येतं, थांबवायला शिकवणं फार कठीण आहे, आणि ते आगीच्या आधी ठरवून ठेवावं लागतं.

हरवलात, अडकलात, हवा कमी वाटली तर लगेच मेडे म्हणजे रेडिओवर 'मी संकटात आहे' ही हाक द्या, लाजू नका, शिट्टीची वाट बघू नका. तीनदा मेडे, मग मी कोण, कुठे आहे, काय झालं, हवा किती, काय लागेल. मग पासचा अलार्म हाताने सुरू करा, टॉर्च छताकडे, होज सापडली तर कपलिंग चाचपा. कपलिंगची कुठली बाजू पंपाकडे जाते हे डोळे बांधून ओळखता आलं पाहिजे, सरावात प्रत्येकाकडून करून घ्या.

९. माणसं बदला

दोन अर्ध्या तासाचे सिलिंडर संपले, किंवा एक मोठा, किंवा ४० मिनिटं जड काम झालं की त्या माणसाला २० मिनिटं तरी बाजूला बसवा. कोट उघडा, बूट काढा, पाणी प्या, कोपरापर्यंत हात गार पाण्यात बुडवा, यानं शरीर लवकर थंड होतं. नाडी बघा. ड्युटीवर फायरमन जातात त्यात हृदयविकाराचा वाटा फार मोठा आहे, आणि 'मी ठीक आहे' असं तो माणूस शेवटपर्यंत म्हणत राहतो, म्हणून हा निर्णय त्याच्यावर सोडू नका. पायरी १ मधला १७ चा आकडा इथे पुन्हा आठवतो, बदली माणूस नसेल तर विश्रांती फक्त कागदावर राहते.

१०. आटोपताना आणि परत आल्यावर

आग विझली, धूर पातळ झाला की सगळे मास्क काढतात. काढू देऊ नका. राख उकरताना हवेत कार्बन मोनॉक्साइड असतोच, फोम जळलेला असेल तर हायड्रोजन सायनाइडही असतो, आणि त्याचा वास सगळ्यांना येत नाही. थर्मल कॅमेरा फक्त पृष्ठभाग दाखवतो, भिंतीच्या किंवा काचेच्या पलीकडचं नाही, म्हणून संशय आला तिथे पहारीने उघडून बघा.

२०२२ मध्ये आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने फायरमनच्या कामालाच गट १ मध्ये, म्हणजे नक्की कॅन्सरकारक गोष्टींत, टाकलं. म्हणून जागेवरच, मास्क अंगावर असतानाच, एकमेकांची किट ब्रश आणि साबणाच्या पाण्याने घासून धुवा, मान-चेहरा-हात पुसा, घाणेरडी किट पिशवीत बांधून बाहेरच्या कप्प्यात टाका, केबिनमध्ये नाही. स्टेशनला पोचल्यावर तासाभरात अंघोळ. काळी पडलेली किट म्हणजे अनुभवाची खूण असं आमच्या पिढीत मानायचे, ते आता पूर्ण सोडून द्या, किट घरी तर अजिबात नेऊ नका, लहान मुलं त्याला हात लावतात.

मग टाकी भरा, सिलिंडर बदला, होज मोजा, टॅली मोजा, डिझेल बघा. चहा घेत घेत दहा मिनिटं बसून प्रत्येकाला विचारा, तुझा काटा किती वाजता किती होता, पाणी कधी जोडलं गेलं, रेडिओवर काय ऐकू आलं नाही, आणि ते वहीत लिहा. त्यात सगळ्यात ज्युनियर मुलाला आधी बोलू द्या, सिनियर बोलला की तो गप्प बसतो. वही बंद झाली आणि चारही खुर्च्यांचे बीए सेट पुन्हा २७० च्या वर दिसले की मग कंट्रोल रूमला कळवा, बंब सज्ज आहे.